हेडर बसवल्यावरची टकटक

गाडीला बाजारातला हेडर बसवला, नवं पॅकिंग टाकलं, सगळे नट आवळले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली तर बॉनेटखालून टक्-टक्-टक् असा कोरडा, भरभर आवाज येतो. इंजिन तापलं की आवाज मंदावतो, कधी साफ बंद होतो. मालक म्हणतो, टॅपेट वाजतंय. मिस्त्री म्हणतो, पॅकिंग बसलं नाही. मग पॅकिंग बदललं जातं. पंधरा दिवसांनी पुन्हा तोच आवाज, पुन्हा नवं पॅकिंग. हा फेरा मोडायचा असेल तर एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. हेडरच्या गळतीत पॅकिंगचा दोष फार क्वचित असतो. दोष असतो ते ज्या दोन पृष्ठभागांमध्ये दाबलं गेलंय त्यांचा, त्यांना धरून ठेवणाऱ्या स्टडचा, आणि हेडरला तापल्यावर पसरायला जागा न ठेवण्याचा.

यवतमाळ जिल्ह्यात हा विषय बोलायचा तर डोळ्यांसमोर येते ती मारुती जिप्सी. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्यात सुन्ना आणि माथनी दारांतून पर्यटकांना आत नेण्यासाठी जिप्सीच वर्षानुवर्षं चालत आली. 1985 मध्ये आलेली ही गाडी 1996 मध्ये 1298 सीसीच्या इंजिनासह आली, 2000 मध्ये तिला सोळा व्हॉल्व्हचं, सुमारे 80 अश्वशक्तीचं एमपीएफआय इंजिन मिळालं, आणि 2019 च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. आज रस्त्यावर असलेली प्रत्येक जिप्सी वय झालेली आहे. मूळ सुटे भाग मिळणं अवघड होत चाललंय. इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या मूळ मॅनिफोल्डला तडा गेला की बाजारात सहज सापडतो तो पाईप वाकवून, वेल्डिंग करून बनवलेला हेडर. काही जण आवाजासाठी आणि ताकदीसाठी हौसेनेही बसवतात. कारण कुठलंही असो, पुढची अडचण सारखीच.

मूळ मॅनिफोल्ड बहुतेक गाड्यांत बिडाचा, जाड भिंतीचा, एकसंध ओतलेला असतो. तो जड असतो, पण हेडवर घट्ट बसतो आणि स्वतःच्या वस्तुमानातच बराच आवाज गिळतो. हेडरची रचना वेगळी. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी, साधारण दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची, आणि पुढे या चारही नळ्या एकत्र येतात. कुठे चारच्या थेट एक, कुठे चारच्या दोन आणि दोनची एक. उद्देश असा की एका सिलिंडरमधून निघालेला धुराचा झोत पुढे धावताना मागे कमी दाबाची पोकळी सोडतो, आणि नळ्यांची लांबी नीट जुळली असेल तर ती पोकळी पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. इंजिनाचा श्वास मोकळा होतो.

धुरानेच धूर ओढायची ही युक्ती यवतमाळला नवी नाही. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला रेल्वे 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालत होती. वाफेच्या इंजिनात सिलिंडरमधून बाहेर पडलेली वाफ धुराड्याखालच्या एका तोंडातून जोरात वर फेकली जाते. तिच्या झोताने धुराच्या पेटीत कमी दाब तयार होतो आणि त्या ओढीने भट्टीतली हवा निखाऱ्यांमधून खेचली जाते. इंजिन जितक्या जोरात काम करेल तितकी भट्टी जास्त फुलते. पण धुराच्या पेटीचं पुढचं दार नीट बसलं नाही, कुठे फट राहिली, तर बाहेरची हवा तिथून आत शिरते, ओढ मोडते आणि वाफ बनणं मंदावतं. हेडरच्या जोडावर फट राहिली की मोटारीच्या इंजिनात हेच होतं. आपण गळतीचा विचार धूर बाहेर येण्यापुरता करतो. हवा आत जाते ही तिची दुसरी आणि जास्त त्रासदायक बाजू आहे.

आता फट पडते कशी ते पाहू. हेडर बनवताना आठ-दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीला, म्हणजे फ्लँजला, चार नळ्या एकाच बाजूने वेल्ड करतात. वेल्डिंगचा रस थंड होताना आकसतो आणि पट्टीला नळ्यांच्या दिशेने ओढतो. त्यामुळे पट्टीची दोन्ही टोकं हेडपासून किंचित उचलली जातात. चांगला कारागीर वेल्डिंग करताना पट्टी जाड लोखंडी ठोकळ्याला आवळून ठेवतो आणि शेवटी तिचा चेहरा घासून सपाट करतो. स्वस्त हेडरमध्ये ही शेवटची पायरीच गाळलेली असते. म्हणून गळती बहुधा पहिल्या किंवा चौथ्या सिलिंडरपाशी सापडते, मधल्या दोघांपाशी कमी. स्टड आवळून वाकलेली पट्टी सरळ होईल असं वाटतं. थोडी होतेही, पण तो ताण स्टडवर कायमचा राहतो आणि पुढे कधीतरी टोकाचा स्टड तुटतो.

दुसरं कारण उष्णतेचं, आणि इथे आकडे पाहिल्याशिवाय त्याचा जोर कळत नाही. चाळीस सेंटिमीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची पट्टी 400 अंशांनी तापली तर ती सुमारे 2.7 मिलिमीटरने लांब होते. साध्या पोलादाची तितकीच पट्टी सुमारे 1.9 मिलिमीटरने. ज्या ॲल्युमिनियमच्या हेडवर ती बसवली आहे ते मात्र पाण्याने थंड होत असतं. 75 अंशांनी तापलं तर त्याच लांबीत ते 0.7 मिलिमीटरच पसरतं. म्हणजे गाडी चालू केल्यापासून पूर्ण तापेपर्यंत हेडर हेडवरून सरकत असतो, आणि बंद केल्यावर परत मागे येतो. रोज, प्रत्येक फेरीत. मधले स्टड त्याला धरून ठेवतात, टोकाच्या भोकांना मात्र थोडी ढील हवी. भोकं अगदी स्टडच्या मापाची असतील तर पट्टी वाकते किंवा स्टड कातरला जातो. सकाळी आवाज आणि तापल्यावर शांतता असं का होतं, त्याचंही उत्तर इथेच आहे. थंड असताना राहिलेली बारीक फट धातू पसरल्यावर बुजते. ती बुजते म्हणून दुरुस्ती पुढे ढकलली जाते, आणि तोवर तापलेला वायू पॅकिंगची कड आणि ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग कुरतडत राहतो.

तिसरं कारण आपल्या रस्त्यांचं. जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. आर्णीकडे, घाटंजीकडे किंवा झरी-जामणीच्या आतल्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर डोलतं, सायलेन्सर चेसिसला टांगलेला असतो, आणि या दोघांच्या मधोमध हेडर अडकलेला असतो. सायलेन्सरचं हँगर रबर तुटलं असेल किंवा इंजिन माउंटिंग बसलं असेल, तर प्रत्येक खड्ड्याचा झटका थेट हेडरच्या वेल्डिंगवर जातो. पावसाळ्यात नाला ओलांडताना लालभडक नाही तरी खूप तापलेल्या नळीवर गार पाणी उडतं, ते वेगळंच.

गळती शोधायची तर इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा चालू करण्याची वेळ. त्याआधी चालू इंजिनाशी वागायची काळजी घ्यावी. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात, ओढणी, गमछा दूर, आणि गाडी मोकळ्या हवेत. पहिल्या मिनिटभरात आवाज सगळ्यात स्पष्ट असतो. आठशे आरपीएमवर एका सिलिंडरचा धूर सेकंदाला सहा-सात वेळा सुटतो, म्हणून एकाच तोंडाशी गळती असेल तर ठोके त्याच चालीने ऐकू येतात. टॅपेटचे ठोकेही याच चालीचे असतात, त्यामुळेच दोघांत गल्लत होते. फरक ओळखायचा सोपा मार्ग आहे. एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरची जोडणी काढून पाहावी. ज्या सिलिंडरची काढल्यावर टकटक एकदम मऊ पडते, गळती त्याच्या तोंडाशी. टॅपेटचा आवाज इंधन तोडल्याने फारसा बदलत नाही. हाताशी मीटरभर रबरी नळी असेल तर तिचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक जोडांजवळून हळूहळू फिरवावं. गळतीजवळ फुस्स आवाज कानात स्पष्ट घुसतो.

डोळ्यांनी शोधताना काजळी पाहतात. जिथून धूर सुटतो तिथे पॅकिंगच्या कडेला काळा किंवा राखाडी पिसाऱ्यासारखा डाग पडतो. पण वणी परिसरात, उकणी-नीलजईच्या कोळसा खाणींच्या रस्त्यांवर धावणाऱ्या गाडीत बॉनेटखाली सगळीकडेच काळी धूळ बसलेली असते. तिथे आधी हेडर आणि हेडची कड ब्रशने स्वच्छ करावी, दोन दिवस गाडी चालवावी आणि मग पाहावं. नवा डाग खोटं बोलत नाही.

सगळ्यात खात्रीची तपासणी साबणाच्या पाण्याची. इंजिन बंद आणि थंड असताना सायलेन्सरच्या टोकाला ब्लोअरची नळी कापडाने गुंडाळून बसवायची, हलकी हवा आत सोडायची, आणि प्रत्येक जोडावर, प्रत्येक वेल्डवर साबणाचं पाणी मारायचं. जिथे बुडबुडे फुगतात ती गळती. पाणी मारायला घरातली साधी स्प्रेची बाटली घ्यावी. शेतावरचा फवारणीचा पंप इथे अजिबात वापरू नये. त्यात कीटकनाशकाचा अंश राहतो, तोंडावर उडतो, आणि नंतर इंजिन चालू केल्यावर तापलेल्या नळीवर त्याची वाफ होऊन श्वासात जाते. 2017 मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेने या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव घेतले. त्या पंपाला दुसरं कुठलंही काम देऊ नये.

हवा आत जाण्याचा मुद्दा आता पुन्हा. धुराच्या प्रत्येक झोतामागे कमी दाबाचा क्षण येतो आणि त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला धुरात जास्त ऑक्सिजन दिसतो. संगणकाला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. प्रत्यक्षात ते आधीच पुरेसं असतं. ॲव्हरेज घटतं, प्लग काळे पडतात, पाय काढल्यावर मागून फटफट आवाज येतो, कारण जास्तीचं पेट्रोल आत शिरलेल्या हवेबरोबर नळीतच पेटतं. पीयूसीच्या मशीनवरही हे उमटतं. भारत स्टेज-4 पासूनच्या पेट्रोल गाड्यांच्या चाचणीत लॅम्डा हा आकडा साधारणपणे 0.97 ते 1.03 च्या मध्ये असावा लागतो. बाहेरची हवा मिसळली की तो वर सरकतो. गाडी नापास होते आणि मालक इंजेक्टर क्लीनरच्या बाटल्या ओतत बसतो.

याहून गंभीर गोष्ट केबिनची आहे. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवतं. गळती इंजिनाच्या हेडजवळ असेल तर तो धूर समोरच्या पत्र्यातल्या वायरिंगच्या भोकांतून, फाटक्या रबरी बूचांतून, पंख्याच्या हवेतून आत येतो. उघड्या सफारी जिप्सीत तो वाऱ्याने उडून जातो. पण टप असलेल्या, काचा बंद केलेल्या गाडीत तो साठतो. मे महिन्यात यवतमाळचा पारा 44-45 अंशांवर जातो तेव्हा झाडाखाली गाडी चालू ठेवून, एसी लावून झोपणारे अनेक जण दिसतात. गळती असलेल्या गाडीत असं झोपणं जिवावर बेतू शकतं. प्रवासात डोकं जड होणं, मळमळ, सुस्ती असं गाडीतल्या एकाहून अधिक लोकांना एकाच वेळी वाटलं, तर उन्हाला दोष देण्याआधी काचा उघडाव्यात आणि गाडीतून बाहेर पडावं. दुरुस्ती पुढे ढकलू नये असं मी म्हणतो ते पेट्रोल वाचवण्यापेक्षा या कारणासाठी.

दुरुस्तीची सुरुवात हेडर उतरवण्यापासून. गंजलेल्या स्टडवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. नट अडला तर जोर लावण्याऐवजी पुढे-मागे थोडाथोडा हलवत काढावा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये स्टड तुटला किंवा आटे गेले की काम दहापट वाढतं. मग भोक मोठं करून आत तारेचे नवे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवावे लागतात. ते चांगल्या लेथवाल्याकडेच करून घ्यावं. हातातल्या ड्रिलने तिरकं भोक पडलं तर हेडच वाया जातं.

हेडर टेबलावर आला की आधी त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पाहावा. हे फार सोपं कारण आहे आणि फार वेळा सुटतं. बाजारातले हेडर सगळीकडून काळा किंवा चंदेरी रंग मारून येतात, फ्लँजच्या बसणाऱ्या बाजूलाही. पहिल्याच दिवशी तो रंग जळून जातो आणि जळलेल्या थराइतकी ढील नटांखाली तयार होते. तो रंग पूर्ण खरवडून चकचकीत धातू दिसायला हवा. मग सरळ पोलादी पट्टी फ्लँजवर लांबीत आणि कर्णात धरून खालून फीलर गेज सरकवावा. 0.1 मिलिमीटरचं पान आत गेलं तर फ्लँज वाकलेला आहे असं समजावं. हीच तपासणी हेडच्या बाजूलाही करावी, कारण जुन्या गळतीने तिथेही खाच पडलेली असू शकते.

वाकलेला फ्लँज सपाट करायला यवतमाळ, पुसद, वणीसारख्या गावांत हेड फेसिंग करणारी दुकानं उपयोगी पडतात. वाक फारच असेल तर अनुभवी कारागीर दोन तोंडांच्या मधली पट्टी करवतीने कापून मोकळी करतात. प्रत्येक तोंड स्वतंत्रपणे हेडवर बसतं आणि पसरायला जागाही मिळते. मला हा उपाय फार आवडतो. यात नवा भाग लागत नाही, ताण कायमचा सुटतो. मात्र कापताना पॅकिंग बसण्याची जागा आणि स्टडची भोकं शाबूत राहतील एवढं पाहावं लागतं. टोकाची भोकं गोल फाइलने आडवी थोडी लांबवायची, मधली तशीच ठेवायची.

आता पॅकिंगची पाळी. पातळ पुठ्ठ्यासारखं पॅकिंग हेडरवर टिकत नाही. पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचं किंवा मध्ये पत्रा असलेलं ग्रॅफाइटचं घ्यावं. त्याचं तोंड हेडरच्या नळीपेक्षा किंचित मोठं हवं. कड आत डोकावली तर ती जळते आणि जळत जळत बाहेरपर्यंत वाट करते. नट मधून सुरू करून आळीपाळीने बाहेरच्या बाजूला न्यावेत, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. आठ मिलिमीटरच्या स्टडला साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर पुरतात, पण गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा हाच प्रमाण मानावा. लांब पाईप लावून पाना ओढला की स्टड ताणला जातो आणि मग तो कधीच नीट धरत नाही. दोन-तीन वेळा इंजिन पूर्ण तापून पूर्ण थंड झालं की, थंड असतानाच, नट पुन्हा तपासावेत. तापलेल्या अवस्थेत कधीच आवळू नयेत.

हेडरचं खालचं टोक मोकळं लोंबकळत सोडू नये. गिअरबॉक्सजवळ एक आधाराची पट्टी, आणि हेडर-सायलेन्सरच्या मध्ये जाळीचा लवचिक तुकडा, एवढं केलं तर काळ्या मातीच्या रस्त्याचे झटके वेल्डिंगपर्यंत पोहोचत नाहीत. तुटलेली हँगर रबरं याच वेळी बदलावीत.

लाल सिलिकॉन लावून गळती बुजवायचा मोह टाळावा. हेडच्या तोंडाशी पोहोचणारी उष्णता ते सहन करत नाही, आणि साध्या सिलिकॉनच्या वाफा ऑक्सिजन सेन्सरला कायमचं निकामी करू शकतात. सायलेन्सरची पुट्टी फक्त मागच्या, कमी तापणाऱ्या जोडांपुरती ठीक. नळ्यांना गुंडाळायची जाड पट्टी उष्णता रोखते खरी, पण पावसाळ्यात ओलावा धरून साध्या पोलादाच्या हेडरला आतल्या आत गंजवते.

एवढं सगळं करून गळती थांबली तरी गाडीचा आवाज पहिल्यासारखा होणार नाही. पातळ नळ्या स्वतःच वाजतात, बीड वाजत नाही. साबणाचे बुडबुडे कुठेच आले नाहीत आणि ठोकेही नाहीत, तर उरलेला खणखणाट हेडरचा स्वभाव समजावा. त्यासाठी पुन्हा पॅकिंग खोलू नये.

सफारीच्या जिप्सीला हेडर बसवावा का, याचं माझं उत्तर नाही असं आहे. हेडरचा फायदा वरच्या आरपीएमवर मिळतो. अभयारण्याच्या वाटेवर गाडी ताशी वीसेक किलोमीटरने चालते, तिथे तो मिळतच नाही. उरतो फक्त आवाज, तोही 148 चौरस किलोमीटरच्या छोट्या जंगलात, जिथे वाघीण बछड्यांना घेऊन पाणवठ्यावर येते. मूळ मॅनिफोल्डला बारीक तडा असेल तर बिडाचं वेल्डिंग जाणणाऱ्याकडून, आधी सावकाश तापवून, निकेलच्या रॉडने तो सांधून घेता येतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालतं, आणि आवाज व धुराच्या मर्यादा मोडल्यास 190 व्या कलमाखाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारा हेडर तर सरळ या कलमात सापडतो. म्हणून ज्यांनी हेडर बसवला आहे त्यांनी उतरवलेला मॅनिफोल्ड भंगारात देऊ नये. त्याच्या चेहऱ्याला तेल लावून, मूळ स्टड आणि नटांसह गोणपाटात गुंडाळून ठेवावा. फिटनेसची तारीख येते तेव्हा जिप्सीचा बिडाचा मॅनिफोल्ड बाजारात शोधून सापडेलच असं नाही.